खड्डे मारून नॉईज जात नाही: मोटर ड्राइव्हभोवतीचा गोंगाट आणि सर्ज आवरण्याची रीत

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथ मधूनच अलार्म देऊन थांबायची. शेजारच्या ब्लोअरचा २० एचपीचा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सुरू झाला, की पाच-दहा मिनिटांत हमखास. मी जाईपर्यंत मालकांनी शेडच्या मागं कोळसा-मीठ घालून तिसरा अर्थिंग खड्डा मारला होता. अर्थ टेस्टर २ ओहम दाखवत होता, म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती. तरी लेथ थांबतच होती.

"मिस्त्री, चौथा मारूया काय?"

"खड्डे बस झाले की ओ. आधी मोटरची केबल कुठनं गेलीय ते दाखवा."

केबल साधी चार कोअरची होती. लेथच्या एन्कोडरच्या (फिरण्याची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरीसोबत एकाच ट्रेमध्ये, एकाच टायनं बांधलेली, चांगली बारा मीटर. मोटरचं अर्थिंग जवळच्या लोखंडी खांबाला. केबल बदलली, वाट बदलली, ग्लँडखालचा (केबल आत शिरते तिथल्या पकडीखालचा) रंग खरवडला. अर्ध्या दिवसाचं काम. खड्डा तीनवरच राहिला.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉप असोत, शहापूर-वडगावचे माग असोत, नाहीतर चिकोडी-रायबागकडच्या नदीकाठच्या पाणी योजना, ड्राइव्ह सगळीकडे पोचलाय. तो बसवताना काय टाळावं आणि बसवून झालेला असेल तर कुठनं सुरुवात करावी, ते कामाच्या क्रमानं सांगतो.

हात घालण्याआधी

मेन बंद केला म्हणजे ड्राइव्ह मेला, असं नाही. आत डीसी बसचे (लाईनच्या एसीचं डीसी करून साठवणाऱ्या भागाचे) कपॅसिटर भरलेले असतात. ४१५ व्होल्टच्या लाईनवर डीसी बस साधारण ५६० ते ५९० व्होल्टवर चालते. मेन बंद करून कंपनीनं झाकणावर लिहिलेली मिनिटं थांबा (बहुतेक ठिकाणी ५ ते १५) आणि नंतर डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून ५० व्होल्टच्या खाली आलंय याची खात्री करा. एलईडी विझली म्हणून हात घालू नका. मोटर मेगर करायची (इन्सुलेशन तपासायचं) तर ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यू टर्मिनलवरून केबल काढूनच. केबल तशीच ठेवून मेगर मारल्यामुळं गेलेले ड्राइव्ह मी बरेच बघितलेत, आणि त्यांच्या बिलावर प्रत्येक वेळी "सर्ज" असंच लिहिलेलं असतं.

आठवडाभर वही ठेवा

नॉईज आणि सर्ज हे दोन वेगळे आजार आहेत. नॉईज म्हणजे वायरींत घुसणारी विजेची खरखर; तो आपल्याच पॅनेलमध्ये तयार होतो, सेकंदाला हजारो वेळा. सर्ज म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका; तो बहुतेक बाहेरून येतो, कधीतरी येतो आणि मायक्रोसेकंदांत जातो. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून सामान आणण्याआधी एक वही ठेवा आणि प्रत्येक ट्रिपला चार गोष्टी लिहा: वेळ, ड्राइव्हवरचा फॉल्ट कोड, त्या वेळी मोटर वेग घेत होती, सोडत होती की एका वेगानं चालली होती, आणि त्याच मिनिटाला कारखान्यात दुसरं काय चालू-बंद झालं.

आठ दिवसांत वही बोलायला लागते. मोटर थांबवतानाच ओव्हरव्होल्टेज येत असेल तर तो सर्ज नव्हेच. जड फिरता भार मोटरलाच जनरेटर करून वीज डीसी बसमध्ये परत ढकलतोय. थांबायचा वेळ वाढवा किंवा ब्रेकिंग रेझिस्टर लावा, विषय मिटला. एका वेगानं चालताना, रोज साधारण त्याच वेळी ओव्हरव्होल्टेज येत असेल तर कुठंतरी कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारायचा कपॅसिटरांचा संच) लागतेय. प्रेशर किंवा लेव्हलचं रीडिंग फक्त ड्राइव्ह चालू असतानाच नाचत असेल तर तो नॉईज. आणि पहिल्या पावसात ग्राउंड फॉल्ट आला तर आधी मोटरची टर्मिनल बॉक्स उघडून बघा, खानापूरच्या बाजूला तर नक्कीच. आत पाणी असतं.

नॉईज कुठनं सुटतोय ते शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ घ्या, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि केबलच्या वाटेनं चालत जा. जिथं खरखर वाढते तिथं गळती आहे. आकडा मिळत नाही, पण दिशा मिळते. दुरुस्तीनंतर त्याच वाटेनं परत एक फेरी मारली, की फरक कानाला कळतो.

खड्ड्याचा भ्रम

आता मूळ मुद्दा. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही. आतले आयजीबीटी (झटपट चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) डीसी बसच्या व्होल्टेजचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा शून्यावरून साडेपाचशे-सहाशे व्होल्टवर साधारण ०.१ मायक्रोसेकंदात चढतो. केबलच्या कोअर आणि अर्थ यांच्यात, वायंडिंग आणि मोटरच्या बॉडीत बारीकशी कपॅसिटी (कपॅसिटरसारखा गुण) असतेच. एवढ्या वेगानं व्होल्टेज उडालं, की त्या कपॅसिटीतून दर वेळी करंटची एक चुणूक बॉडीवर उतरते. तो करंट जातो कुठं?

आपल्याकडं समज असा, की तो अर्थिंगमधून जमिनीत मुरतो. तो मुरत नाही. जिथून निघाला तिथंच, म्हणजे ड्राइव्हच्या डीसी बसकडं, त्याला परत जायचं असतं. आपण सरळ वाट दिली नाही, तर खांब, ट्रे, लेथची बॉडी, सिग्नल वायरची शील्ड, मिळेल त्या वाटेनं तो घरी जातो. वाटेत जे भेटेल ते बिघडवतो.

हिशेब बघा. सरळ वायरीला दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. ५० हर्ट्झला तो नसल्यासारखाच. पण या चुणुकांत मेगाहर्ट्झची वारंवारिता असते. खड्डा पॅनेलपासून १५ मीटरवर असेल तर १ मेगाहर्ट्झला तिथवरच्या वायरीचाच अडथळा ९० ओहमच्या वर जातो. टोकाचा खड्डा २ ओहमचा असो की अर्ध्या ओहमचा, नॉईजला काय फरक पडणार?

याचा अर्थ खड्डे नकोत असा मुळीच नाही. माणसाच्या जिवासाठी, फॉल्टमध्ये फ्यूज उडण्यासाठी आणि वीज पडली तर ती जमिनीत जाण्यासाठी आयएस ३०४३ प्रमाणं अर्थिंग हवंच. आपल्या जांभ्या दगडाच्या पट्ट्यात तर उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, की रीडिंग चढतं. पाणी घालत राहायला पाहिजे. पण नॉईजसाठी खड्डा हा उपाय नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे "पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) स्वतंत्र, शुद्ध अर्थ" म्हणून बाकीच्यांशी न जोडलेला वेगळा खड्डा. समजा विजेचा १० हजार अँपिअरचा झटका एका २ ओहमच्या खड्ड्यात उतरला. क्षणभर त्या खड्ड्यावर २० हजार व्होल्ट येतात, आणि दुसरा खड्डा शून्यावरच असतो. मधे काय असतं? तुमचं पीएलसी कार्ड. सगळे खड्डे एकमेकांना जोडा. पीएलसीची अर्थ वायर वेगळी चालवा, हरकत नाही, पण ती शेवटी त्याच मुख्य अर्थ बारवर आली पाहिजे.

नॉईजला घरची वाट द्या

मोटरच्या बॉडीला नियमाप्रमाणं दोन अर्थ द्यायचेच असतात. त्यातला एक मोटर केबलच्या आतूनच, थेट ड्राइव्हच्या पीई (अर्थच्या) टर्मिनलवर न्या. दुसरा जवळच्या अर्थ पट्टीला जाऊ द्या. एवढ्या एका बदलानं निम्मं काम होतं, असा माझा अनुभव.

केबल शील्ड असलेली घ्या: तीन कोअर समान अंतरावर आणि भोवती तांब्याची जाळी. बजेट नसेल तर निदान आर्मर्ड केबल घ्या आणि आर्मरलाच शील्ड समजा. सुट्या वायरी पीव्हीसी पाइपातून नेणं मात्र बंद करा. न्यायच्याच तर अखंड जीआय पाइपातून, पाइप दोन्ही टोकांना अर्थ करून.

शील्ड दोन्ही टोकांना जोडायची, ड्राइव्हकडं आणि मोटरकडंही. आणि कशी जोडायची, इथं सगळे चुकतात. जाळी पिळून तिची शेपटी करायची, लग मारायचा, हातभर वायर लावून अर्थ बारला न्यायची, ही आपली पद्धत. दिसायला स्वच्छ. पण १० मेगाहर्ट्झला मीटरभर शेपटीचा अडथळा ६० ओहमच्या वर असतो, म्हणजे शील्ड जवळपास तोडल्यासारखीच. केबलचं बाहेरचं आवरण तेवढ्या जागी गोल सोला आणि जाळीला चारी बाजूंनी पकडणारा धातूचा क्लॅम्प मारून तो थेट माउंटिंग प्लेटवर आवळा. मोटरकडं धातूचा ग्लँड लावा, प्लॅस्टिकचा नको. क्लॅम्पखालचा, ग्लँडखालचा, ड्राइव्हच्या पायाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, मागाहून कडेनं गंज न लागणारं काहीतरी फासा. पॅनेल बनवणारे पावडर कोटिंग छान करतात, आणि नॉईजच्या दृष्टीनं तेच नडतं. नवीन पॅनेल करून घेत असाल तर आतली माउंटिंग प्लेट जस्ताच्या मुलाम्याची, बिनरंगाची मागा. दरवाजा आणि बॉडीला जोडायला गोल वायरीऐवजी तांब्याची चपटी वेणी वापरा, लांबी रुंदीच्या पाचपटीपेक्षा जास्त नको.

मग वाटा. मोटर केबल एका ट्रेत, सिग्नल केबल दुसऱ्यात, मधे किमान ३० सेंटिमीटर. लांबवर शेजारी धावत असतील तर आणखी. एकमेकींना ओलांडायचंच तर काटकोनात. पॅनेलच्या आतही हाच नियम: ड्राइव्हच्या इनपुटच्या आणि आउटपुटच्या वायरी एकाच डक्टमध्ये कोंबल्या, तर महागाचा ईएमआय (नॉईज अडवणारा) फिल्टर लावूनही नॉईज त्याला वळसा घालून बाहेर पडतो.

फेराइट रिंग स्वस्त आहे आणि उपयोगी आहे, फक्त तिन्ही फेज एकत्र एकाच रिंगमधून घ्या. अर्थ कोअर तिच्यातून नेऊ नका. एकेका फेजला वेगळी रिंग घातलेली एक मोटर मी बघितलीय. रिंग तापून टेप वितळला होता.

कॅरियर फ्रिक्वेन्सीही, म्हणजे ड्राइव्ह सेकंदाला किती तुकडे पाडतो तेही, बघा. मोटर शिट्टी मारते म्हणून कुणीतरी ती ८ किंवा १२ किलोहर्ट्झ करून ठेवलेली असते. ४ वर आणली, की चुणुकांची संख्या त्या प्रमाणात घटते, ड्राइव्हही थंड राहतो. मोटर थोडी गाईल. फाउंड्रीत कुणाला ऐकू जाणार आहे?

लांब केबल आणि जळणारी वायंडिंग

"ड्राइव्ह लावल्यापासून मोटर दर वर्षी रिवाइंडिंगला येते" ही तक्रार नदीकाठच्या पंपांवर जास्त. तिथं पॅनेल वर, पुराच्या पाण्याला लागणार नाही अशा जागी, आणि मोटर खाली जॅकवेलवर (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर), मधे शंभर-दीडशे मीटर केबल.

व्होल्टेजची खडी लाट केबलमधून मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं धावते. मोटरच्या टोकाला ती आपटून परतते, आणि आपटताना तिची उंची जवळपास दुप्पट होते. ५८७ व्होल्टची डीसी बस असेल तर मोटरच्या टर्मिनलवर ११५० व्होल्टच्या पुढं. ०.१ मायक्रोसेकंदात चढणाऱ्या लाटेला यासाठी सात-आठ मीटर केबलही पुरते; लांबी वाढेल तसा त्रास पक्का होतो. मार बसतो तो टर्मिनलजवळच्या पहिल्या काही वेढ्यांना. रिवाइंडिंगवाल्याकडं मोटर उघडली, की विचारा: जळालेली कॉइल पहिलीच आहे काय? बाकीची वायंडिंग स्वच्छ आणि पहिल्या कॉइलमध्ये वेढ्या-वेढ्यांत शॉर्ट, हे याचंच लक्षण. मल्टिमीटरला ही लाट दिसत नाही.

उपाय लांबीवर ठरतो. दहा-वीस मीटरपर्यंत इन्व्हर्टर ड्यूटीची (ड्राइव्हसाठीच बनवलेली) मोटर असेल तर वेगळं काही नको. त्यापुढं ड्राइव्हच्या आउटपुटला चोक (करंटची उसळी रोखणारी कॉइल) किंवा डीव्ही-डीटी फिल्टर (लाटेची खडी चढण सौम्य करणारा), ड्राइव्हच्या शेजारीच. शंभर मीटरच्या पुढं आणि मोटर जुनी असेल तर सरळ साइन फिल्टर (लाट गुळगुळीत करणारा). महाग आहे, पण दोन रिवाइंडिंग आणि ऐन उन्हाळ्यातले बुडालेले पाण्याचे दिवस धरून हिशेब करा. साइन फिल्टर लावला तर कॅरियर फ्रिक्वेन्सी फिल्टरवर लिहिलेल्याच्या खाली आणू नका. रिवाइंडिंग करतानाही ड्राइव्हसाठीची जास्त इन्सुलेशनची वायर मागून घ्या.

ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीच लावू नका. जुन्या स्टार्टरजवळ मोटरला बांधलेला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर ड्राइव्ह आल्यावरही तसाच राहतो, ही नेहमीची चूक. मोटरचा ब्रेक कॉइलही ड्राइव्हच्या आउटपुटवरून घेऊ नका.

बेअरिंग वर्षभराच्या आत आवाज करायला लागली तर कापून बघा. आतल्या धावेवर पत्र्याच्या छपरासारख्या समांतर रेघा दिसल्या, तर शाफ्टमधून करंट जातोय. ग्रीस बदलून भागणार नाही. शील्डची केबल आधी, मग शाफ्टला अर्थिंग ब्रश. १०० किलोवॅटच्या वरच्या मोटरला न-ड्राइव्ह बाजूची (भार न जोडलेल्या टोकाची) बेअरिंग इन्सुलेटेड.

कंट्रोलच्या वायरी

इथं थोडक्यात. प्रत्येक एसी कॉन्टॅक्टर, रिले, सोलेनॉइडच्या कॉइलवर उसळी शोषणारा आरसी स्नबर (०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम चालतो), डीसी कॉइलवर उलटा डायोड. वेगाचा संदर्भ ० ते १० व्होल्टऐवजी ४ ते २० मिलिअँपिअरवर घ्या. सिग्नलच्या वायरी पिळलेल्या जोडीच्याच, आणि अॅनालॉगची शील्ड ड्राइव्हच्या बाजूला जोडा. आरएस-४८५ ची कम्युनिकेशन लाईन असेल तर तिच्या दोन टोकांनाच १२० ओहम. मधल्या प्रत्येक ड्राइव्हवर रेझिस्टरचा स्विच चालू ठेवलेला असतो, तो बघा.

इनपुटची बाजू: चोक आणि कपॅसिटर बँक

ड्राइव्हच्या आधी ३ टक्क्यांचा लाईन चोक लावा. वहीत रोज त्याच वेळी ओव्हरव्होल्टेज दिसत होतं ना, त्याचं हेच औषध. कपॅसिटर बँक लागली, की लाईनवर काही मिलिसेकंद हेलकावा येतो आणि व्होल्टेजचं शिखर दीडपटीच्या आसपास जाऊ शकतं. डीसी बस तेवढ्यात ८०० व्होल्टच्या घरात पोचते आणि ड्राइव्ह ट्रिप मारतो. या हेलकाव्यात सर्ज प्रोटेक्टर (एसपीडी) गप्पच बसतो, कारण त्याची जागं व्हायची पातळी याच्या वर असते. एसपीडी लावूनही ट्रिप थांबत नाही म्हणणाऱ्यांचं कोडं बहुधा इथं सुटतं.

चोकमुळं हार्मोनिक्सही उतरतात. सहा डायोडचा ड्राइव्ह ५० हर्ट्झच्या ५, ७, ११, १३ या पटींचे करंट लाईनवर सोडतो. पॉवर फॅक्टरची बँक आणि ट्रान्सफॉर्मर मिळून त्यातल्या एखाद्याला साथ द्यायला लागले, तर घोळ होतो. हिशेब सोपा आहे. २५० केव्हीएचा, ४ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ६,२५० केव्हीएची शॉर्ट सर्किट ताकद. बँक १२५ केव्हीएआर लागली असेल तर ६,२५० भागिले १२५ म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ सातच्या जरा वर. म्हणजे नेमकं सातव्या हार्मोनिकवर, ३५० हर्ट्झला, रेझोनन्स. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप राखणारं) पॅनेल टप्प्याटप्प्यानं बँक बदलतं, म्हणून हा त्रास कधी असतो, कधी नसतो. ड्राइव्ह किंवा इंडक्शन भट्टी असलेल्या कारखान्यात कपॅसिटरसोबत ७ टक्क्यांचा डीट्यून्ड चोक घ्या; त्यानं जुळणी १८९ हर्ट्झला, म्हणजे पाचव्याच्या खाली जाते. कपॅसिटर मग जास्त व्होल्टेज रेटिंगचेच हवेत.

वळवाचा सर्ज

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमले, की आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. मेन पॅनेलला टाइप १ आणि २ एकत्र असलेला एसपीडी, ड्राइव्हच्या पॅनेलला टाइप २. ड्राइव्हकडं एसपीडी आधी, चोक नंतर. ग्रामीण लाईनवर रात्री व्होल्टेज चढतं, म्हणून २७५ व्होल्टच्या कायम-व्होल्टेजचा (सतत सोसता येईल अशा व्होल्टेजचा) न घेता ३२० चा घ्या, नाहीतर तो झिजत जातो.

एसपीडी कितीही भारी असो, त्याच्या वायरी लांब असतील तर पैसे वाया. १० किलोअँपिअरचा झटका ८ मायक्रोसेकंदात चढताना मीटरभर वायरीवर १,२५० व्होल्ट पडतात. ते एसपीडीच्या व्होल्टेजमध्ये मिळून ड्राइव्हला बसतात. फेजकडची आणि अर्थकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. एसपीडी पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यात आणि अर्थ बार तळाला, अशी मांडणी असेल तर एसपीडी खाली आणा. वायरींची गुंडाळी करू नका. मागं कंपनीनं सांगितलेल्या रेटिंगचा फ्यूज द्या.

तुटलेला न्यूट्रल हा सर्ज नव्हे. न्यूट्रल गेला, की २३० च्या साधनांवर तीनशे-चारशे व्होल्ट मिनिटंच्या मिनिटं बसतात, आणि एसपीडी स्वतःच जळतो. पॅनेलचा कंट्रोल पुरवठा दोन फेजमधून ४१५/२३० ट्रान्सफॉर्मर लावून घ्या, न्यूट्रलवर अवलंबून राहू नका. सोबत ओव्हरव्होल्टेज रिले.

आणि पॉवरची दारं बंद करून मागची खिडकी उघडी ठेवू नका. नदीवरून येणारी लेव्हल सेन्सरची दोन वायरींची केबल शेतातून दोनशे मीटर येते. वीज जवळपास कुठंही पडली, तरी त्या केबलमध्ये झटका तयार होतो आणि तो थेट पीएलसीच्या अॅनालॉग कार्डात शिरतो. दोन्ही टोकांना सिग्नलसाठीचा एसपीडी लावा, त्या त्या जागेच्या अर्थशी जोडून.

एसपीडीच्या खिडकीचा रंग वळवानंतर आणि गणपतीच्या सुमारास, असा वर्षातून दोनदा बघायचा. लाल झाली म्हणजे एसपीडी संपला, पण ड्राइव्ह चालतच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काडतुसासारखा निघणारा मॉड्यूल असेल तर एक जादा आणून पॅनेलच्या दरवाज्याच्या खिशात, त्या वहीसोबतच ठेवा. मच्छेला एका ठिकाणी उघडलं तेव्हा तिन्ही खिडक्या लाल होत्या, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना.